धुळवडीच्या सात ओळी

शहादा
४ मार्च २०२५

आदरणीय फुलवंताबाई,

नमस्कार. आपण तीन वेळा फोन केलात आणि तिन्ही वेळा मी तो उचलला नाही, याची आधी क्षमा मागते. मी ऑफिसातच होते. रिंग थांबेपर्यंत फोनकडे पाहत बसले. अनोळखी आवाजाशी बोलताना माझी वाक्ये मध्येच सुटून जातात. कागदावर ती पूर्ण होतात. आई म्हणते, "बारावीमा तालुकामा पहिली, नि फोनमा नापास!" नवलसिंगभाऊ दर बुधवारी मोलगीहून रक्ताच्या नमुन्यांची पेटी घेऊन जीपने येतात. त्यांच्याच पिशवीतून हे पत्र पाठवत आहे.

माझी ओळख एवढीच, की मी ब्राह्मणपुरीची मयूरी. आपल्या संस्थेच्या सिकलसेल रुग्णांच्या नोंदी ज्या सर्व्हरवर राहतात, ते सांभाळण्याचे काम डिसेंबरपासून माझ्याकडे आहे. आपला प्रश्न भाऊंकडून कळला: "मोलगीचा डबा बंद पडला तर माझ्या पेशंटांचं काय?"

बाई, प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती राहतात. आपल्या दवाखान्यातला सर्व्हर मुख्य. आपण लिहिता ते प्रथम त्याच्यावर उमटते. शहाद्याचा आणि नंदुरबारचा असे दोन सर्व्हर तेच आपल्याकडे उतरवून घेतात. मुख्य सर्व्हर अचानक गप्प झाला, तर उरलेले दोघे एकमेकांना विचारतात आणि दोघांचे एकमत झाले की त्यांतला एक मुख्य होतो. एकट्याने स्वतःला मुख्य ठरवायचे नाही, असा नियमच आहे.

हे खरोखर घडते का, हे संकट येण्यापूर्वी पाहावे म्हणून एक तालीम ठरवली आहे. शुक्रवारी, १४ मार्चला धुळवड आहे. सगळीकडे सुट्टी, नोंदी करणारे कुणी नसणार. सकाळी नऊ वाजता मी येथूनच मोलगीचा सर्व्हर बंद करीन. काही अडचण असल्यास कळवावे. उत्तर आले नाही, तर आपली संमती आहे असे समजेन.

आपली नम्र,
मयूरी

*

मोलगी
६ मार्च २०२५

मयूरीताईस,

पत्र मिळालं. अक्षर छापल्यासारखं आहे. आमच्या डॉक्टरांना दाखवलं आणि म्हटलं, बघा, माणसं असंही लिहितात.

तीन प्रतींचं समजलं. बरं वाटलं. पण १४ तारखेला काही करू नका. मुळीच नाही. धुळवडीची सुट्टी तुमच्या सपाटीवरची. इथं होळी गावागणिक वेगळ्या दिवशी येते. काठी गावची राजवाडी होळी १३ च्या रात्री, ती पहाटे पेटते, आणि सकाळी रात्रभर नाचलेली माणसं मोलगीवरून घराकडे निघतात. झोप नाही, पोटात पाणी नाही. सिकलसेलच्या माणसाला तेवढं पुरतं, सांधे धरतात. माझ्या दारात वर्षातली सगळ्यात मोठी रांग त्याच सकाळी लागते. गेल्या वर्षी एक जण मोरपिसांचा टोप आणि कमरेची घुंगरं घालूनच आला. सुई बघून असा थरथरला की सगळी रांग नाचायला लागली.

दहा दिवस थांबा. मग खुशाल बंद करा.

फुलवंताबाई

*

शहादा
१५ मार्च २०२५

आदरणीय फुलवंताबाई,

या बुधवारी भाऊंची जीप आली नाही. होळीमुळे ती काठीच्या फेऱ्यांना लागली असे समजले. आपले उत्तर न आल्याने ठरल्याप्रमाणे काल तालीम केली, आणि ती उत्तम झाली हे कळवताना मला किती आनंद होत आहे!

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी मोलगीचा सर्व्हर थांबवला. अकरा सेकंद काहीच घडले नाही. ते मी बोटांवर मोजले. मग शहादा आणि नंदुरबार यांनी आपसात ठरवले आणि शहादा मुख्य झाला; दवाखान्यांचे संगणक आपोआप त्याच्याशी जोडले गेले. पाऊण तासाने मोलगी पुन्हा सुरू केला. त्याने आपली वही शहाद्याच्या वहीशी ताडून पाहिली आणि मुकाट्याने मागे उभा राहिला. ताडताना मोलगीकडे काही जास्तीची टिपणे निघाली. ती त्याने बाजूला काढून ठेवली होती. वरच्या दोन ओळी पाहिल्या. त्या मी तालमीच्या जरा आधी, नऊ वाजता, चाचणीसाठी लिहिलेल्या खोट्या नोंदी होत्या. म्हणून ते सारे पुसून जागा स्वच्छ केली.

एक सर्व्हर पडला आणि कुणालाही कळले नाही. या कामात याहून मोठी शाबासकी नसते.

आपली,
मयूरी

*

मोलगी
२० मार्च २०२५

मयूरीताई,

तुमचं पत्र काल आलं. हे बाजाराच्या जीपने पाठवते आहे, बुधवारची वाट बघत नाही.

माझं ६ तारखेचं पत्र तुम्हाला कधी मिळालं? जीप येणार नाही हे कळल्यावर मी १३ ला फोनही केला. दोनदा.

धुळवडीच्या सकाळी माझ्याकडे एक्याऐंशी माणसं होती. मी लिहीत होते, सर्व्हर "नोंद झाली" म्हणत होता, मी पुढच्याला बोलावत होते. नऊच्या सुमाराला तो जरा अडखळला, मग चालू झाला. मी म्हटलं, गर्दीनं दमला असेल. तुमचं पत्र वाचल्यावर मी त्या दिवशी मोजून दिलेल्या गोळ्यांचा हिशेब काढला आणि एकेक नाव लावून पाहिलं. सात नोंदी नाहीत. त्या सकाळी नऊ ते नऊ-दहामधल्या.

सहांचं निभावेल. सातवी दगूबाई. खालच्या पाड्यावरची, सातवा महिना लागलाय. जानेवारीत नंदुरबारला तिला रक्त चढवलं तेव्हा अंगात थंडी भरली, लघवी लाल झाली. तिथल्या लोकांनी तपासून चिठ्ठी दिली, की अमुक दोन खुणा असलेलं रक्त हिला पुन्हा देऊ नका. ती चिठ्ठी घामानं विरत चालली होती. मी त्यातलं सर्व्हरवर लिहिलं. "नोंद झाली" आलं. मग मीच तिला म्हटलं, "आता ही फेकलीस तरी चालेल."

ती हसली आणि म्हणाली, "बाई, तुझं डबडं माझ्यापेक्षा शहाणं."

चिठ्ठी तिनं माझ्यासमोर टोपलीत टाकली. सोळा तारखेला ती नवऱ्याबरोबर गुजरातेत कामाला गेली. बाळंतपणाला येईल. तेव्हा रक्त लागणारच, मागच्या खेपेलाही लागलं होतं. चुकीचं चढलं तर ती उठायची नाही.

त्या दोन खुणांतली एक "के" होती. दुसरी मला आठवत नाही. अंदाजानं मी लिहिणार नाही.

ती टिपणं परत मिळतात का, तेवढंच कळवा.

फुलवंताबाई

*

ब्राह्मणपुरी
२२ मार्च २०२५

आदरणीय फुलवंताबाई,

ती टिपणे परत मिळत नाहीत. मी ती पुसली. नऊ ओळी होत्या. वरच्या दोन माझ्या होत्या, खालच्या सात मी वाचल्याच नाहीत. शाळेत असल्यापासून मला पानावर खाडाखोड सहन होत नाही.

आपले ६ तारखेचे पत्र मला बुधवारी, १९ तारखेला मिळाले. ते वाचल्यावर दोन दिवस मी काहीच केले नाही. बहुधा काही बिघडले नसेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. आणि १३ तारखेला आपले दोन्ही फोन आले होते. मी नाव पाहिले होते. उद्या तालीम झाल्यावर चांगली बातमी लिहूनच कळवू, असे मनाशी म्हणत मी फोन पालथा ठेवला.

नेमके काय घडले, हे समजून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. जानेवारीत सगळ्या दवाखान्यांची तक्रार होती, की "नोंद झाली" म्हणायला सर्व्हर फार वेळ लावतो. तेव्हा तो आपल्यासोबत आणखी एकाने लिहून घेतले की मगच ते शब्द दाखवत असे. डोंगरातून रेंज कमी, म्हणून उशीर. मी तो नियम बदलला. तेव्हापासून मोलगीचा सर्व्हर स्वतः लिहिताच "नोंद झाली" म्हणू लागला. इतरांना तो मागाहून कळवत असे. माझे सर्वांनी कौतुक केले. मी त्याला थांबवले त्या क्षणी सात नोंदी अजून पाठवायच्या राहिल्या होत्या. शहाद्याने त्या कधी पाहिल्याच नाहीत, आणि शहादा मुख्य झाल्यावर जे त्याला ठाऊक नाही ते खोटे ठरले.

आपण दगूबाईंना शब्द दिलात तो "नोंद झाली" पाहून. तो शब्द आपल्या तोंडी मी घातला.

हेमराज सरांना, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांना, हे अजून सांगितलेले नाही. सांगण्यासाठी लिहिलेले पत्र कालपासून माझ्या पिशवीत आहे.

मयूरी

*

मोलगी
२४ मार्च २०२५

मयूरी,

आता ताई म्हणत नाही. माझी धाकटी तुझ्या वयाची आहे.

तू रडली असशील. पण चूक तुझ्या एकटीची नाही. चिठ्ठी फेक म्हणणारी मीच ना. डोळ्यासमोर कागद होता, एक वहीत उतरवून घ्यायला काय जात होतं? रांग बघितली आणि घाई केली. तू पण घाईच केलीस, जरा नीटनेटकी.

नवलसिंगला सांगितलं. त्या सकाळी नऊच्या फेरीला त्याच्या जीपमध्ये कोण कुठं बसलं होतं ते तो सांगत गेला, मी लिहीत गेले. "बाई, पुढं बसलेला सारखं पाणी मागत होता, तो कंजाण्याचा. मागं दोघी बहिणी, एकीला उलटी. माझी सीट अजून वास मारते, विसरेन कशी?" अशा सहा नोंदी पुन्हा उभ्या राहिल्या. प्रत्येकाच्या घरी माणूस धाडून ताडून घेतल्या.

उरली दगूबाई. तिचा नवरा मोबाइल उचलत नाही. नंदुरबारच्या रक्तपेढीत मी फोन केला. ते म्हणाले, जानेवारीचं जाड रजिस्टर आहे, समक्ष येऊन शोधा, फोनवर सांगणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. मला दवाखाना सोडता येत नाही.

तुला जावं लागेल. तिथं बोलावं लागेल. कागद पुढं करून चालणार नाही. आणि हेमराजला जाण्याआधी सांग. पिशवीतलं पत्र त्याच्या हातात देऊ नकोस, तोंडानं सांग.

फुलवंताबाई

*

नंदुरबार
२९ मार्च २०२५

आदरणीय बाई,

हे पत्र बसस्थानकावरच्या बाकावर बसून लिहीत आहे. अक्षर हलले असेल.

हेमराज सरांना मी उभ्यानेच सांगितले. वाक्य मध्येच सुटले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मी प्यायले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटी राजीनामा देते असे म्हटले. सरांनी एकच विचारले, "ती बाई आता कुठे आहे?" मग म्हणाले, "राजीनाम्याचं पुढे बघू. आधी नंदुरबारची गाडी पकड."

रक्तपेढीत काल पोहोचले आणि तासभर बाकावर बसून राहिले. काऊंटरवर महजबीन नावाच्या तंत्रज्ञ होत्या. शेवटी त्यांनीच हाक मारली, "ए बहीण! कवयनी बशी ऱ्हायनी तू. रगत देवानं शे का लेवानं? तोंडमा काय मूग धरेल शेतस?"

मी उभी राहिले आणि सांगितले. सगळे. माझ्यामागे पाच माणसे रांगेत होती, त्यांनीही ऐकले. महजबीनबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. मग त्या शुद्ध बोलीत म्हणाल्या, "कळतंय का तुला काय हरवलंय? अशा खुणांविरुद्ध रक्तात जे तयार होतं ते काही महिन्यांनी तपासणीत दिसेनासं होतं. मे महिन्यात आम्ही तिची चाचणी केली, तर सगळं ठीक येईल. आणि रक्त चढवलं की ते पुन्हा उसळेल. लिहून ठेवलेलं हाच आमचा डोळा."

रजिस्टर दोन दिवस चाळले. दगूबाई या नावाच्या अकरा स्त्रिया होत्या. गाव, वय, तारीख, एकही जुळेना. आज दुपारी महजबीनबाईंनी जेवणाचा डबा उघडता उघडता विचारले, "लाल लघवी झाली म्हणतेस? मग ती नोंद रजिस्टरमध्ये कशाला शोधतेस? रक्त बाधलेल्यांची फाइल निराळी असते." फाइलीत चौदा पाने होती. सहावे पान आपल्या दगूबाईंचे.

"के" बरोबर होता. दुसरी खूण "ई".

मी ते मोठ्याने वाचले. महजबीनबाईंनी मोठ्याने वाचले. मग तेथूनच हेमराज सरांना फोन करून शहाद्यात नोंद करवली आणि तिन्ही सर्व्हरवर उमटल्याचे त्यांच्याकडून एकेका सर्व्हरचे नाव घेऊन ऐकले. फोन मी केला, बाई.

जानेवारीत बदललेला नियम परत फिरवला आहे. आता किमान दोघांनी लिहून घेतल्याखेरीज "नोंद झाली" दिसणार नाही. आपल्या रांगेला प्रत्येक माणसामागे दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील. त्याबद्दल लोक आपल्याला बोलतील, माझ्या वाट्याचे आपण ऐकाल.

मयूरी

*

मोलगी
२१ मे २०२५

मयूरी,

लोक बोलतात. परवा एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुझं डबडं आता मुंडी हलवायच्या आधी बायकोला विचारून येतं का?" मी म्हटलं, हो, दोन बायकांना. सगळी रांग हसली.

आता खरी बातमी. दगूबाईची खबर आली. गुजरातेतून निघाली ती थेट इथं यायची होती, वाटेतच रक्त जायला लागलं. तिच्या नवऱ्यानं गाडी नंदुरबारला वळवली. १८ तारखेची दुपार, एक वाजून गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी नाव विचारलं, आपल्या नोंदीत बघितलं. "ई नको, के नको" समोर आलं. महजबीनबाईंनी तसलं रक्त धुंडाळलं, दोन पिशव्या तिथं, एक धुळ्याहून मागवली. चाचणीत खूण दिसली नाही, अगदी त्या म्हणाल्या होत्या तसंच. कागद नसता तर कुणालाच शंका आली नसती.

मुलगी झाली. दोन किलोची, पण ओरडणारी.

हे सगळं मला महजबीनबाईंनी फोनवर सांगितलं. तू का नाही सांगितलंस? तुला माहीत नव्हतं का?

फुलवंताबाई

*

शहादा
२३ मे २०२५

आदरणीय बाई,

मला खरोखर माहीत नव्हते. त्या दुपारी मी सर्व्हरच्या खोलीत होते. उन्हाने पारा चव्वेचाळीसवर गेला होता. साडेबाराला एसी बंद पडला आणि बाराच मिनिटांत शहाद्याचा सर्व्हर तापून बंद झाला. कायमचा, त्याची डिस्क जळाली आहे; त्याच्या जागी नवा येतो आहे. मी पुठ्ठ्याने वारा घालत होते. त्याच वेळी मोलगीची लाइनही तुटलेली होती, हे मला नंतर कळले. ती पावणेदोनला जोडली गेली. म्हणजे एक वाजता नंदुरबारचा सर्व्हर एकटा उरला होता. एकट्याला मुख्य होता येत नाही. नवी नोंद त्याने घेतली नसती. पण आधी लिहिलेले वाचून दाखवायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तेवढेच त्याने केले.

आपले पत्र मी दोनदा वाचले. मार्चमध्ये मी लिहिले होते, की एक सर्व्हर पडला आणि कुणाला कळले नाही. या वेळी दोन गेले, आणि दगूबाईंना कळले नाही. फरक एवढाच, की मार्चमध्ये मला अभिमान वाटला होता.

त्यांना भेटून मला माझी चूक सांगायची आहे. त्या मोलगीला कधी येतील?

मयूरी

*

मोलगी
९ जून २०२५

मयूरी,

तू शनिवारी येऊन गेलीस. तुझ्या पाठीमागे काय झालं ते लिहिते, कारण तू जीपमध्ये बसल्यावर दगूबाई पुन्हा माझ्याकडे आली.

तू सांगत होतीस तेव्हा ती गप्प होती. तुला वाटलं असेल, रागावली. तसं नाही. तिला तुझी पुस्तकी मराठी निम्मीच कळली, आणि मी आमच्या बोलीत सांगत होते ते ऐकत ती तुझ्या तोंडाकडे बघत होती. तू गेल्यावर विचारलं, "ही पोरगी एवढ्या लांब हे सांगायलाच आली?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "माझ्या अंगातलं तीन डबड्यांना माहीत, त्या पोरीला माहीत, तुला माहीत, नंदुरबारच्या बाईला माहीत. मला कुठं माहीत आहे? मला दाखव."

मी कागदावर ती दोन अक्षरं मोठी काढून दिली. तिनं ती घेतली आणि सरळ बाजारात गोंदणाऱ्या बाईकडे. मी धावत मागे गेले. नवी सुई घेतल्याशिवाय हात लावू दिला नाही, आणि अक्षरं माझ्या कागदावरून, तुझ्या पत्रावरून आणि नंदुरबारच्या फाइलीतल्या पानाच्या नकलेवरून, तिन्ही बाजूबाजूला ठेवून ताडली. डाव्या हातावर, आतल्या बाजूला, तिच्या आईनं लहानपणी गोंदवलेल्या ठिपक्यांच्या शेजारी. दोन्ही अक्षरांवर आडवी रेघ. डॉक्टर म्हणाले, हाताकडे बघून आम्ही रक्त देत नाही. मी म्हटलं, देऊ नका, पण हात बघून थांबाल तर खरं.

आज ती पोरीला लस टोचायला घेऊन आली. रांगेत नंबर आला तसा तिनं पदर मागे सारून हात माझ्या टेबलावर ठेवला.

"वाच."

मी वाचलं.

"आता तुझ्या डबड्याला विचार."

मी नाव टाकलं, आजच्या भेटीची नोंद केली. तुझ्या नियमानं तो वेळ घेत बसला. मागची माणसं कुरकुरायला लागली. दगूबाईनं मागं वळून त्यांना गप्प केलं आणि हात तसाच धरून उभी राहिली, स्क्रीनवर काही येईपर्यंत. मग वाकून, एकेका अक्षरावर बोट ठेवून, एकदा हाताकडे आणि एकदा स्क्रीनकडे बघितलं.

"बरोबर सांगतंय," ती म्हणाली, आणि पोरीला माझ्या हातात दिलं.

फुलवंताबाई